धक्क्याची कमाई

टेबलावर अंथरलेल्या जुन्या टॉवेलवर बंदुकीचे भाग मांडून ठेवले होते. नळी, दस्ता, बोल्ट, दोन-तीन पिना. त्यातली एक स्प्रिंग उचलून मेहुण्यानं माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या दोन पेरांएवढी असेल, पण तार चांगली जाड. अंगठा आणि तर्जनीत धरून मी ती दाबून पाहिली. तसूभरही हलली नाही.

"दाजी, ही बंदूक चालते ती हिच्या जिवावर," तो म्हणाला. "रिकामं काडतूस बाहेर फेकायचं, नवं आत घ्यायचं, पुढच्या बाराला तयार राहायचं. ना बॅटरी, ना मोटर."

तो इंग्लंडात लिंकनशरला राहतो. आसपासच्या शेतकऱ्यांच्या संगतीनं त्याला छऱ्याच्या बंदुकीची, म्हणजे शॉटगनची, गोडी लागली, आणि पहिली सेमी-ऑटोमॅटिक घेण्यापूर्वी त्यानं वर्षभर चौकशी केली. मला बंदुका विकत घ्यायच्या नव्हत्या. पण त्या स्प्रिंगनं मला झोपू दिलं नाही. एवढं सगळं काम करायला लागणारा जोर येतो कुठून? उत्तर कळल्यावर वाटलं, हे आपल्या लोकांना सांगायलाच हवं.

आधी आपल्या ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करू. ‘बारा बोअर’ हा शब्द आपल्या गावोगावी माहीत असतो. पण बारा कशाचे? एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. हिशेब करून पाहा: ४५३.६ ग्रॅम भागिले १२ म्हणजे ३७.८ ग्रॅम, आणि शिशाची तेवढी गोळी बरोबर १८.५ मिलिमीटर व्यासाची होते. वीस बोअरला तोच पौंड विसात वाटायचा, म्हणून आकडा मोठा तशी नळी अरुंद. आजही नळी अशी मोजली जाते, हे मला फार आवडतं. आणि ‘काडतूस’ हा आपला रोजचा शब्द पोर्तुगिजांच्या ‘कार्तुशू’वरून आलेला. ‘पिस्तूल’ हा शब्दही त्यांच्याचकडून आला.

क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत भिरकावलेल्या चकत्या फोडायच्या खेळाच्या, साध्या काडतुसात २८ ग्रॅम छरे असतात. मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, सुमारे चारशे. त्यांच्यामागे वॅड नावाचं बूच, आणि त्याच्या मागे दीड ग्रॅमच्या आसपास दारू. चिमूटभरच म्हणायची. चाप ओढला की ही चिमूट पेटते आणि छरे सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगानं नळीबाहेर पडतात. पुढे गेलेल्याचा हिशेब मागे चुकता होतोच. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो, इथे तो खांद्याला कळतो. छरे, बूच आणि वायू यांचा एकत्र संवेग काढला, तर सव्वातीन किलोची बंदूक सेकंदाला चार मीटरहून थोड्या अधिक वेगानं मागे येते. हा वेग डोळ्यांपुढे आणायचा असेल तर असं समजा: तीच बंदूक कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडली, तर ती जमिनीला ज्या वेगानं टेकेल, त्याच वेगानं ती खांद्यात शिरते. आणि क्लेच्या एका फेरीत असे पंचवीस बार असतात, कधी पन्नास, कधी शंभर.

साध्या दुनळीत हा धक्का खांद्यातच संपतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये त्याच घटनेतला थोडा जोर बाजूला काढून कामाला लावलेला असतो. इथेच मी अवाक झालो. आपण ज्याला त्रास म्हणतो, त्याला कुणीतरी इंधन मानलं.

तो ‘कुणीतरी’ म्हणजे अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग. बाप बंदुका घडवणारा, मुलगा त्याच्याच दुकानात लोखंडाशी खेळत वाढलेला. त्याच्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनला १९०० साली पेटंट मिळालं. तोवर त्याच्या रचना विंचेस्टर कंपनी एकरकमी विकत घ्यायची. या वेळी ब्राउनिंग म्हणाला, विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे मला वाटा द्या. विंचेस्टरनं नकार दिला. तो रेमिंग्टनकडे गेला. १९०२ च्या जानेवारीत कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांना भेटायला तो थांबला होता, आणि त्याच दिवशी हार्टलींचा मृत्यू झाल्याचं त्याला कळलं. मग तो पेटंट आणि नमुना घेऊन समुद्र ओलांडून बेल्जियमला गेला, लिएज शहराजवळच्या हेर्स्टालमधल्या एफएन कारखान्यात. तिथे ती बंदूक घडायला लागली आणि पुढे ऑटो-५ या नावानं जगभर गेली. पाच म्हणजे पाच बार: चार बंदुकीच्या पोटात, एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी. नंतर रेमिंग्टननंही तीच रचना परवान्यावर घेतली. विसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत ही बंदूक बनत राहिली. ब्राउनिंग मात्र १९२६ साली त्याच लिएजमध्ये, कारखान्यात काम करत असताना वारला.

ऑटो-५ ची युक्ती हाताच्या हालचालीनं समजते. उजव्या मुठीत बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, आहे समजा, डाव्या मुठीत नळी. दोन्ही मुठी घट्ट अडकवा. बार झाला की दोघी एकत्र मागे येतात, काडतुसाच्या लांबीहूनही जास्त. मागे टेकल्यावर डावी मूठ सुटते आणि एकटी पुढे जाते. उजवी मागेच राहते. मधल्या मोकळ्या जागेतून रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं. मग उजवी मूठ नवं काडतूस घेऊन पुढे जाते आणि पुन्हा दोघी अडकतात. अख्खी नळी मागे-पुढे होते, हे या बंदुकीचं वैशिष्ट्य आणि तिची कटकटही. हलक्या काडतुसांना एक, भारी काडतुसांना दुसरी अशी घर्षणाच्या कड्यांची मांडणी बदलावी लागे. विसरलं की एक तर बंदूक अडायची, नाही तर आपटून झिजायची.

दुसरी युक्ती वायूची. नळीच्या खालच्या बाजूला बारीक भोकं पाडलेली असतात. छरे त्या भोकांच्या पुढे गेले की मागून येणाऱ्या तप्त वायूतला किंचित भाग खाली उतरतो, एका दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या बोल्टला मागे रेटतो. कुकरची शिट्टी वाफेनं उचलली जावी, तसाच प्रकार. १९६३ साली आलेल्या रेमिंग्टन ११०० नं ही पद्धत घरोघरी पोचवली, आणि आज इटलीतल्या बेरेटाच्या ए-४०० सारख्या बंदुका याच वळणाच्या आहेत. ही बेरेटा कंपनी गार्दोने या डोंगरी गावची. १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला तिनं १८५ नळ्या पुरवल्याची नोंद आहे. आपल्याकडे ते पानिपतच्या पहिल्या लढाईचं वर्ष.

वायूच्या बंदुकीचा मोठा गुण म्हणजे मऊपणा. धक्का नाहीसा होत नाही, न्यूटनला कुणी चुकवू शकत नाही. पण बोल्ट मागे जाणं, स्प्रिंग दबणं यात तो जरा जास्त वेळात पसरतो. थप्पड आणि रेटा यात जो फरक, तोच इथे. ज्याला दिवसाला शंभर चकत्या फोडायच्या आहेत, त्याला संध्याकाळी हा फरक शर्ट काढताना कळतो. दोष असा की वायूबरोबर काजळीही खाली उतरते. दट्ट्यावर तिचा थर बसतो आणि साफसफाईचा आळस केला की बंदूक अडखळायला लागते.

आता ती तळहातावरची स्प्रिंग. ही तिसरी युक्ती, आणि माझ्या मते तिन्हींत सर्वांत देखणी. बोलोन्याच्या ब्रूनो चिवोलानी यांनी ती योजली आणि १९६७ साली उर्बिनोत सुरू झालेल्या बेनेली कंपनीनं ती जगापुढे आणली. उर्बिनो म्हणजे चित्रकार राफाएलचं जन्मगाव. बेनेलींचा मूळ धंदा मोटारसायकलींचा.

एसटी स्टँडवरून निघताना ड्रायव्हरनं क्लच झटक्यात सोडला, की उभे प्रवासी मागे कलंडतात. खरं तर प्रवासी मागे जात नाहीत. ते होते तिथेच राहू पाहतात आणि गाडी त्यांच्या पायाखालून पुढे सरकते. चिवोलानींनी नेमकं हेच उलट दिशेनं वापरलं. बार झाला की सबंध बंदूक मागे येते. पण आतला जड बोल्ट मोकळा असतो, तो क्षणभर जागेवरच राहतो. बोल्टचं डोकं नळीशी अडकलेलं असल्यामुळे बंदुकीबरोबर मागे येतं, बोल्टचं धड येत नाही, आणि या दोघांच्या मध्ये ती जाड स्प्रिंग काही मिलिमीटर दबते. एवढ्यात छरे नळीबाहेर पडलेले असतात, आतला दाब उतरलेला असतो. मग दबलेली स्प्रिंग उलटते, बोल्टला मागे भिरकावते, त्याचं डोकं फिरून नळीपासून सुटतं आणि रिकामं काडतूस बाहेर उडतं. पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. नळीला भोक नाही, दट्ट्या नाही, काजळी जवळपास नाही.

पण या यंत्राला एक अट आहे: बंदूक खरोखर मागे यायला हवी. जडत्वावर चालणारी बंदूक मागे आलीच नाही, तर स्प्रिंग दबणार कशी? मेहुण्याच्या नेमबाजीच्या मैदानावर हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मी बेनेलीच्या वळणाची बंदूक हातात घेतली. काडतुसं नवख्यांसाठीची, २१ ग्रॅमची हलकी. दर दोन-तीन बारांनी रिकामं काडतूस खिडकीत अर्धवट अडकून राहायचं. मेहुण्यानं बंदूक घेतली, तीच काडतुसं घातली, पुन्हा तेच. मग २८ ग्रॅमची घातल्यावर पंचवीसच्या पंचवीस सुरळीत उडाली. बंदुकीत दोष नव्हता. हलक्या काडतुसात तिला पुरेल एवढा धक्काच नव्हता. पहिली बंदूक घेणाऱ्यानं म्हणून आधी काडतुसांचा विचार करावा. आपण कुठली काडतुसं वापरणार, खांदा किती सोसतो, साफसफाईची हौस किती, या तीन प्रश्नांतून वायू की जडत्व हे आपोआप ठरतं. क्लेवरच बहुतेक वेळ जाणार असेल, तर मी डोळे झाकून वायूची म्हणेन. चिखल, पाऊस, दलदल, दिवसभर खांद्यावर वाहणं असेल, तर हलकी आणि स्वच्छ राहणारी जडत्वाची.

चकतीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. तिला इंग्रजीत मातीचं कबूतर म्हणतात, कारण आधी खरी कबुतरं पेटीतून सोडून मारायचे. मग काचेचे गोळे आले. १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं मातीच्या चकतीचं पेटंट घेतलं, आणि सांगतात की मुलं पाण्यावर शिंपले तिरके फेकताना पाहून त्याला ती सुचली. आपणही लहानपणी ओढ्यावर चपट्या दगडांच्या भाकऱ्या काढल्याच आहेत. आजची चकती ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमची, चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ यांची बशी. हातातून पडली तरी फुटेल अशी ठिसूळ, पण यंत्रानं भिरकावली तरी हवेत शाबूत राहणारी. २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, ते अशाच चकत्या फोडून.

ही चकती फोडण्यातलं गणित मला बंदुकीइतकंच विलक्षण वाटतं. छरे हवेत लवकर मंदावतात. ३५ मीटर जायला त्यांना सेकंदाचा आठवा-नववा हिस्सा लागतो. तेवढ्यात सेकंदाला २० मीटर वेगानं आडवी जाणारी चकती दोन मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. म्हणजे दिसते तिथे बार काढला तर हमखास चुकायचं. चकती जिथे अजून नाही, तिथे बार काढायचा, आणि तेही नळी न थांबवता, तिच्या मागून येऊन तिला ओलांडत. हे मोजमाप कुणी मनात करत नाही, करायला वेळच नसतो. हात आणि डोळे ते शिकतात, जसा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक झेल कुठे पडणार हे पळता पळता शिकतो.

म्हणूनच शॉटगन निवडताना तिची नळी, कंपनी, नक्षीकाम यांच्याआधी एक गोष्ट येते, ती म्हणजे अंगाला बसणं. रायफलला मागे-पुढे दोन नेमाच्या खुणा असतात. शॉटगनला फक्त पुढचा मणी. मागची खूण म्हणजे तुमचा स्वतःचा डोळा. दस्ता गालाला टेकल्यावर डोळा नळीच्या नेमका मागे आला नाही, तर तुम्ही बघता एकीकडे आणि छरे जातात दुसरीकडे. दस्त्याची लांबी, त्याचा उतार, त्याचा डावा-उजवा कल हे सगळं चेहऱ्यानुसार बदलतं. दुनळीचा दस्ता बेतायचा तर कारागिराकडे जावं लागतं. सेमी-ऑटोमॅटिकच्या पेटीत बहुधा प्लॅस्टिकच्या काही पातळ पाचरी येतात. दस्ता आणि धड यांच्यामध्ये योग्य ती घातली की उतार आणि कल बदलतो. पहिल्या बंदुकीसाठी हा फार मोठा फायदा आहे. कुठला डोळा प्रबळ हेही आधी तपासा. दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करून तीतून दूरचं झाड पाहा आणि आळीपाळीनं डोळे मिटा. ज्या डोळ्याला झाड खिडकीतच राहतं तो तुमचा प्रबळ. डावखुऱ्यांनी डावीकडे काडतूस फेकणारी बंदूक मागावी, नाही तर रिकामी काडतुसं नाकासमोरून उडतात.

बाकी बाबतींत फार घोळ घालू नये. बारा बोअर घ्या, त्याची काडतुसं कुठेही मिळतात. नळी २८ इंची, म्हणजे ७१ सेंटिमीटर. सेमी-ऑटोचं धड लांब असल्यामुळे ती दुनळीच्या तीस इंचीएवढी भासते. चेंबर ७६ मिलिमीटरचं असेल तर ७० ची काडतुसंही चालतात. तोंडाशी बदलता येणारे चोक हवेत. छऱ्यांचा झोत किती लवकर पसरावा ते चोकवर ठरतं: बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं दाबतो तसं. सुरुवातीला पाव किंवा अर्धा चोक लावा आणि विसरून जा.

शिकारीचा प्रश्न आला की गोष्ट बंदुकीपुरती राहत नाही. ब्रिटनमध्ये रानकबुतरांचे थवे वाटाणा आणि मोहरीसारख्या पिकांवर उतरतात. कोकणातल्या शेतकऱ्याला रानडुकरं आणि माकडांचा जो ताप, तोच त्यांना या पक्ष्यांचा. पिकाच्या रक्षणासाठी तिथे कायद्याच्या चौकटीत कबुतरं मारतात आणि खातात. या कामाला सेमी-ऑटो सर्वमान्य आहे. फेझंट पक्ष्यांच्या पारंपरिक हाकाऱ्याच्या शिकारीत मात्र ती नेली तर भुवया उंचावतात, तिथे दुनळीचाच मान. कायद्यानंही हात आखडलेला आहे. १९८८ च्या दुरुस्तीपासून साध्या शॉटगन परवान्यावर मिळणाऱ्या सेमी-ऑटोच्या पोटात दोनच काडतुसं मावायला हवीत, चेंबरमधलं एक धरून तीन. अमेरिकेतही स्थलांतरित पक्ष्यांसाठी तीनची मर्यादा १९३५ पासून आहे. यंत्राला पाच, सात बार सहज जमतात. माणसानं तीनवर थांबायचं ठरवलं, हे मला योग्य वाटतं.

आणि शिसं. जमिनीत, दलदलीत पडलेले शिशाचे छरे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून अमेरिकेनं १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं, डेन्मार्कनं १९९६ मध्ये शिशाचे छरे सरसकट बंद केले, इंग्लंडनं १९९९ मध्ये पाणपक्ष्यांसाठी. त्या जागी पोलादी छरे आले. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. हलका छरा लवकर मंदावतो, म्हणून तो मोठा आणि वेगवान घ्यावा लागतो. जास्त दाबाची पोलादी काडतुसं सोसेल अशा नळीवर युरोपात लिलीच्या फुलाचा शिक्का असतो. आज पहिली बंदूक घेणाऱ्यानं हे फूल शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सुरक्षेबाबत सेमी-ऑटोची एक उणी बाजू आहे, आणि ती मनापासून मान्य करायला हवी. दुनळी मधून मोडली की रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसतं. सेमी-ऑटो रिकामी आहे की भरलेली, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. शिवाय एक बार झाला की दुसरं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येऊन बसलेलं असतं. ज्या करामतीचं मी एवढं कौतुक केलं, तीच इथे धोका आहे. म्हणून जागेवर उभं राहिल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, जागा सोडताना बोल्ट मागे उघडा ठेवायचा, चेंबरमध्ये रंगीत निशाण घालायचं, नळी कधीही माणसाच्या दिशेला फिरवायची नाही, कानांवर संरक्षण नसेल तर एकही बार काढायचा नाही. मेहुण्याच्या मैदानावर निशाणाशिवाय फिरणाऱ्याला सरळ बाहेर काढतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे आणि बंदुकीला शस्त्र परवाना लागतो. चकत्यांचा खेळ मात्र रायफल क्लबच्या छत्राखाली आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला ही गोडी लागली असेल, तर एक विनंती. दुकानात जाण्याआधी मैदानावर जा. प्रशिक्षक घ्या. एक वायूची आणि एक जडत्वाची बंदूक मागून घ्या, दोन्हींनी पंचवीस-पंचवीस चकत्यांवर बार काढा, तीच काडतुसं वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा काय म्हणतो ते ऐका आणि मग दुकानात पाऊल टाका.